टेप ड्राइव्हच्या डिव्हाइस फाइली: ड्राइव्ह एक, नावं आठ, आणि हाती कायम पहिलीच रात्र

पाणंदवाट (वेंगुर्ला)

नमस्कार मंडळी. प्रश्न लिनक्सचा आहे, पण अडलंय दशावताराचं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कमांडी उच्चाराप्रमाणे देवनागरीतच देतोय.

आमच्या तालुक्यातल्या एका छोट्या संस्थेने जत्रांमधले दशावतार बरीच वर्षं व्हिडिओवर टिपून ठेवलेत. आडदशावतारातल्या संकासुरापासून ते पहाटे आख्यान संपेपर्यंत, अख्ख्या रात्री. ज्यांनी हे सगळं केलं ते गृहस्थ आता हयात नाहीत. मागे राहिलाय तो बाहेरून जोडायचा एक एलटीओ-५ ड्राइव्ह (एलटीओ म्हणजे डेटा साठवायच्या टेपांचा एक प्रकार, ५ ही त्याची पिढी) आणि खोकंभर टेपा. प्रत्येक टेपेच्या डबीत त्यांच्या अक्षरातला एक कागद आहे: फाइल १ अमुक गावची जत्रा, फाइल २ तमुक गावची, सोबत मंडळाचं नाव आणि आख्यान. खाली लिहिलंय, "टार, एकामागून एक". (टार म्हणजे बऱ्याच फाइली एकत्र बांधून टेपेवर लिहिणारा आणि वाचणारा प्रोग्राम.)

ड्राइव्ह डेबियनच्या मशीनला जोडला, ओळखला गेला. /डेव्ह मध्ये बघतो तर एसटी०, एसटी०एल, एसटी०एम, एसटी०ए आणि यांच्याच सुरुवातीला 'एन' लावलेली आणखी चार नावं. ड्राइव्ह तर एकच आहे. मला तिसरी रात्र हवी होती म्हणून मॅन्युअल बघून हे दिलं (एमटी टेप मागेपुढे नेतो, एफएसएफ २ म्हणजे दोन फाइली ओलांडून पुढे):

एमटी -एफ /डेव्ह/एसटी० एफएसएफ २
टार -टीव्हीएफ /डेव्ह/एसटी०

टेप फिरल्याचा आवाज येतो, एरर काही नाही, आणि यादी मात्र पहिल्याच रात्रीची. एफएसएफ पुढे ३ द्या, ५ द्या, तेच. एका दुरुस्तीवाल्यांना दाखवलं. त्यांनी पाच मिनिटांत "ड्राइव्हचं हेड गेलंय, भंगारात काढा आणि नवीन पिढीचा घ्या" असं सांगून टाकलं. संस्थेकडे एवढे पैसे नाहीत. खरंच हेड गेलं असेल का?

---

खाजणकाठ (मालवण)

हेड बीड काय एक गेला नाय हा. तुम्ही टेप पुढे नेतास खरी, पण कमांड संपली काय ती परत पयल्या जाग्यार येता. एसटी० च्या जागी एनएसटी० घाला आणि बघा. बाकीचा गलबतकाका सांगतीत.

---

गलबत (रत्नागिरी)

खाजणकाठ यांनी उत्तर दिलंच आहे. पण कारण समजून घेतलंत तर पुढच्या टेपांवर अडणार नाही, म्हणून लिहितो.

आधी एक काम करा. पुढची कुठलीही कमांड देण्याआधी प्रत्येक टेपेच्या कोपऱ्यातला सरकता खटका 'लॉक'कडे करा. एमटी स्टेटस मध्ये डब्ल्यूआर_प्रॉट दिसलं की समजायचं, आता या टेपेवर कोणी चुकूनही लिहू शकत नाही. तुमच्याकडे या रात्रींची दुसरी प्रत नाही. टार मध्ये टी (यादी दाखव) किंवा एक्स (फाइली बाहेर काढ) च्या जागी सी (नवीन लिही) पडला तर टेप सुरुवातीपासून नव्याने लिहिली जाईल. एलटीओमध्ये नव्या लिखाणाच्या शेवटी डेटा संपल्याची खूण पडते आणि तिच्यापलीकडे ड्राइव्ह जातच नाही. पहिल्या रात्रीवर चार केबी लिहिले तरी पुढच्या सगळ्या रात्री हाताबाहेर गेल्या म्हणून समजा.

आता मूळ प्रश्न. /डेव्ह मधली फाइल हे कर्नलमधल्या ड्रायव्हरकडे जायचं दार आहे. दारं आठ, आतला ड्राइव्ह एकच. कुठल्या दाराने आत आलात ते ड्रायव्हर बघतो आणि तुम्ही परत जाताना काय करायचं ते त्यावरून ठरवतो. एलएस -एल /डेव्ह/एसटी० /डेव्ह/एनएसटी० देऊन बघा. ओळीचं पहिलं अक्षर सी, म्हणजे कॅरॅक्टर डिव्हाइस. साध्या फाइलीत जिथे आकार दिसतो तिथे इथे दोन आकडे दिसतील: एसटी० ला ९, ० आणि एनएसटी० ला ९, १२८. पहिला मेजर नंबर. ९ म्हणजे लिनक्सचा स्कझी टेप ड्रायव्हर. दुसरा मायनर, आणि सगळं वागणं त्यात भरलेलं आहे. ० ते ३१ हा ड्राइव्हचा क्रमांक. त्यात ३२ मिळवले की 'एल' मोड, ६४ मिळवले की 'एम', ९६ मिळवले की 'ए'. आणि १२८ मिळवले की "बंद करताना रिवाइंड करू नकोस". म्हणजे एनएसटी०एम चा मायनर १२८ अधिक ६४, १९२. दुसरा ड्राइव्ह असता तर एसटी१ ला १ आणि एनएसटी१ ला १२९. नाव आपल्या सोयीसाठी, फाइल उघडताना कर्नल बघतो ते आकडेच.

एल, एम, ए हे मोड रूटने एसटीइनिट वापरून वेगवेगळा ब्लॉकचा आकार, डेन्सिटी वगैरे ठरवून द्यायला आहेत. तुम्हाला त्यांची गरज नाही, विसरून जा.

तुमच्याकडे घडलं ते असं. एमटी हा एक स्वतंत्र प्रोग्राम. त्याने एसटी० उघडलं, ड्रायव्हरला "दोन फाइलमार्क (टेपेवर एक फाइल संपल्याची खूण) ओलांड" म्हणून सांगितलं, ड्राइव्हने ते इमानाने केलं, एमटी संपला, फाइल बंद झाली. एसटी० चं वागणं असं की बंद होताक्षणी टेप रिवाइंड. मग टार आला, त्याला टेप सुरुवातीलाच मिळाली. एरर येणार तरी कशी, सगळ्यांनी सांगितलेलं काम बिनचूक केलंय! आणि एक लक्षात ठेवा, एसटी० वर नुसतं स्टेटस विचारलंत तरी बंद होताना टेप रिवाइंड होते. त्यामुळे "टेप कुठे आहे बघू" म्हणून एसटी० वरून विचारलं की ती जागा तिथेच मोडते.

एमटी-एसटी नावाचं पॅकेज टाकून घ्या आणि मग:

एमटी -एफ /डेव्ह/एनएसटी० एएसएफ २
एमटी -एफ /डेव्ह/एनएसटी० स्टेटस
टार -टीव्हीएफ /डेव्ह/एनएसटी०

एएसएफ आधी रिवाइंड करतो आणि मग सुरुवातीपासून मोजून पुढे जातो, त्यामुळे टेप आधी कुठेही असली तरी फरक पडत नाही. स्टेटसमध्ये फाइल नंबर २, ब्लॉक नंबर ० दिसायला हवं. ड्राइव्ह शून्यापासून मोजतो आणि कागदावर १ पासून लिहिलंय, तेव्हा कागदावरची तिसरी रात्र म्हणजे इथे २.

हेडबद्दल बोलायचं तर, पहिल्या रात्रीची यादी नीट येते आहे आणि टेप फाइलमार्क ओलांडून जाते आहे. त्या ड्राइव्हला अजिबात भंगारात काढू नका. एलटीओ-५ ची टेप वाचायला एलटीओ-७ पर्यंतचाच ड्राइव्ह चालतो. २०१७ साली आलेला एलटीओ-८ फक्त ८ आणि ७ वाचतो. नवीन पिढीचा ड्राइव्ह आणला असता तर लाखांत पैसे गेले असते आणि यातली एकही रात्र उघडली नसती.

---

पाणंदवाट

गलबतकाका, आली! तिसरी रात्र आली! यादीत त्या रात्रीच्या फाइली एकेक करून खाली सरकत होत्या आणि संस्थेतले दोघं म्हातारे कार्यकर्ते स्क्रीनला नाक लावून उभे. खटके सगळे लॉक केले.

पण पुढे अडलंय. तिसरी संपली म्हणून लगेच तीच टार कमांड पुन्हा दिली, म्हटलं आता चौथी मिळेल. टार काहीच न बोलता परत आला. यादी नाही, एरर नाही. एनएसटी० च वापरलं होतं.

---

सुरंगीवळेसर (मूळ मालवण, सध्या पुणे)

याचं मी सांगते, सोलारिस या युनिक्सवर याच प्रकाराशी रोज गाठ पडायची.

टार फाइल संपल्याची खूण म्हणून शेवटी ५१२ बाइटचे दोन शून्यांचे ब्लॉक लिहितो. वाचताना ते दिसले की त्याचं समाधान होतं आणि तो थांबतो. पण टेपेवरचा फाइलमार्क त्याच्याही पुढे असतो. म्हणजे तुमची टेप तिसरी रात्र संपल्यावर, पण फाइलमार्कच्या अलीकडे उभी होती. दुसऱ्यांदा टारने वाचायला घेतलं, समोर थेट फाइलमार्क आला, ड्रायव्हरने शून्य बाइट दिले. टारच्या दृष्टीने रिकामी फाइल. मधे एवढं घाला:

एमटी -एफ /डेव्ह/एनएसटी० एफएसएफ १

यात चूक कोणाचीच नाही, युनिक्सच्या दोन घराण्यांच्या दोन रीती आहेत. बर्कलेच्या रीतीत वाचून फाइल बंद केली की टेप आहे तिथेच राहते. सिस्टिम फाइव्हच्या रीतीत ती पुढचा फाइलमार्क ओलांडून पुढच्या फाइलीच्या तोंडाशी जाऊन उभी राहते. लिनक्स मुळात पहिल्या रीतीने वागतो. सोलारिसवर हा फरकच नावात घातलाय: /डेव्ह/आरएमटी/०एन म्हणजे रिवाइंड नको, वागणूक सिस्टिम फाइव्हची. /डेव्ह/आरएमटी/०बीएन म्हणजे रिवाइंड नको, वागणूक बर्कलेची. मधे सी घातला, ०सीबीएन, की कॉम्प्रेशन. एका आरएमटी डिरेक्टरीत एका ड्राइव्हची डझनावारी नावं असायची आणि सगळ्या /डिव्हायसेस खालच्या खऱ्या नोडकडे बोट दाखवणाऱ्या लिंका. बॅकअपची स्क्रिप्ट ०एन वर चाललेली असायची आणि कोणीतरी ती ०बीएन वर नेली की एकाआड एक रिस्टोर रिकामं यायचं. नेमकं तुमच्यासारखं.

दुसऱ्या कुठल्या युनिक्सवर कधी काम पडलं तर: एआयएक्सवर आरएमटी० रिवाइंड करतो आणि आरएमटी०.१ करत नाही. पुढे .७ पर्यंत जातात, त्यात टेप उघडताना ताण सारखा करण्यासाठी पूर्ण फिरवायची की नाही आणि कुठली डेन्सिटी, हे येतं. फ्रीबीएसडीवर एसए०, एनएसए०, शिवाय ईएसए०, जो बंद करताना टेप बाहेरच काढतो. एचपी-यूएक्सच्या जुन्या पद्धतीत ०एम आणि ०एमएन. या आरएमटीतला आर 'रॉ'चा. नवीन मशीन समोर आलं की मी आधी एकच बघते, रिवाइंड न करणारं नाव कोणतं.

---

नारळपोफळ (अलिबाग)

उत्साहावर पाणी टाकायचं नाही, पण आजच्या काळात टेप? एक हार्ड डिस्क घ्या, क्लाउडवर टाका, मोकळे व्हा. ही डिव्हाइस फाइलींची गणितं कोणाला पुन्हा करायची आहेत?

---

गलबत

नारळपोफळ, डिस्कवर उतरवायचंच आहे. पण त्यासाठी आधी टेप वाचता यायला हवी, त्याचाच हा खटाटोप.

टेपेला मात्र मोडीत काढू नका. फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या साठवणीच्या सॉफ्टवेअरमधल्या बगमुळे काही खात्यांतली सगळी पत्रं गेली. ऑनलाइन प्रती अनेक होत्या, त्याच बगच्या तावडीत सापडल्या. गूगलने ती पत्रं परत आणली ती टेपेवरून, कारण कपाटातली टेप कुठल्याही सॉफ्टवेअरच्या आवाक्यात नसते. डिस्कवर प्रत काढल्यावरही मूळ टेपा जपाच.

जपण्याबद्दल आपल्याकडे बोलावंच लागतं. दीर्घ साठवणीसाठी १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगतात. आपल्या किनाऱ्यावर आषाढात पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना बुरशी येते, टेपेला वेगळा न्याय नाही. हवाबंद डबा, आत सिलिका जेल, डबा उभा, आणि खाडीकडच्या भिंतीला लागून ठेवायचा नाही. एसी खोलीतली टेप बाहेरच्या दमट खोलीत आणून लगेच ड्राइव्हमध्ये घालू नका. ड्राइव्ह असलेल्या खोलीत दिवसभर राहू द्या, मग घाला. एलटीओ-५ च्या एका टेपेत ८४६ मीटर पट्टी असते, अर्ध्या इंचाहून जरा कमी रुंद. तिच्यावर दव धरलं आणि ती हेडवरून पळाली तर तुमच्या दुरुस्तीवाल्यांचं बोलणं खरं व्हायचं.

प्रती काढायला युपीएस लावूनच बसा. मधेच लाइट गेली तर टेप कुठे होती ते ड्रायव्हरच्या लक्षात राहत नाही. आल्यावर रिवाइंड आणि पुन्हा एएसएफ, मनाने मोजून पुढे जायचं नाही. आणि उतरवायची डिस्क वेगवान हवी. एलटीओ-५ सेकंदाला १४० एमबी देतो, दीड टीबीची भरलेली टेप सरळ वाहिली तर तीनेक तासांत उतरते. डिस्क रडतखडत चालणारी असेल तर ड्राइव्ह आधी वेग उतरवतो, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर थांब, मागे जा, पुन्हा पळ असं सुरू होतं. वेळ जातो तो जातोच, पट्टी आणि हेड दोन्ही घासतात.

---

पाणंदवाट

चार टेपा झाल्या. पाचवीवर टार म्हणतो, "कॅनॉट रीड: कॅनॉट अलोकेट मेमरी". मशीनमध्ये ८ जीबी रॅम आहे. वाढवायला हवी का?

---

खाजणकाठ

रॅमचे पैशे वाचवा, त्याच्यात जत्रेचा जेवाण होयत. टेपेवरचो ब्लॉक मोठो आणि टारची ओंजळ ल्हान, इतक्याच.

---

सुरंगीवळेसर

अगदी. टार न सांगता १०,२४० बाइटची मागणी करतो, ५१२ चे २० ब्लॉक. ही सवय जुन्या रिळांच्या काळापासूनची. टेपेवर एक ब्लॉक लिहिला गेला असेल त्याहून मोठा, तर ब्लॉक अर्धा देता येत नाही आणि लिनक्सचा ड्रायव्हर मेमरीची एरर देतो. मशीनच्या रॅमशी त्याचा संबंध नाही. आधी ब्लॉक मोजा:

एमटी -एफ /डेव्ह/एनएसटी० रिवाइंड
एमटी -एफ /डेव्ह/एनएसटी० सेटबीएलके ०
डीडी आयएफ=/डेव्ह/एनएसटी० ओएफ=/टीएमपी/नमुना बीएस=१एम काउंट=१
एलएस -एल /टीएमपी/नमुना

सेटबीएलके ० म्हणजे "ब्लॉकचा आकार टेपेवर असेल तो घे". नमुना फाइल जेवढ्या बाइटची, तेवढाच टेपेवरचा एक ब्लॉक. त्याला ५१२ ने भागायचं आणि तो आकडा टारला -बी पुढे द्यायचा. डीडीने एक ब्लॉक खाल्लाय, म्हणून टारआधी पुन्हा रिवाइंड.

---

पाणंदवाट

२,६२,१४४ आले. भागिले ५१२, पुन्हा ५१२! टार -बी ५१२ दिलं आणि सुरळीत चालू झालं. डबीतल्या कागदावर कोपऱ्यात "बी ५१२" असं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, त्याचा अर्थ आज लागला. त्या माणसाने सगळं लिहून ठेवलं होतं.

आणखी एक विचारतो. संस्थेतली एक मुलगी हे काम पुढे करणार आहे. तिच्या लॉगिनने "परमिशन डिनाइड" येतं. तिला रूटचा पासवर्ड द्यायचा नाहीये.

---

गलबत

अजिबात देऊ नका. एलएस -एल मध्ये मालक रूट आणि ग्रुप टेप दिसेल, ग्रुपला वाचायची आणि लिहायची परवानगी असते. तिला त्या ग्रुपमध्ये घाला: यूझरमॉड -एजी टेप, पुढे तिचं लॉगिन. -ए विसरू नका, नाहीतर तिचे बाकीचे ग्रुप निघून जातील. बाहेर पडून पुन्हा लॉगिन केलं की लागू होतं. आणि तिच्या प्रोफाइलमध्ये कॅपिटल अक्षरांतल्या टेप या व्हेरिएबलला /डेव्ह/एनएसटी० देऊन ठेवा. एमटी आणि टार दोघंही -एफ दिलं नसेल तर तिथे बघतात, म्हणजे घाईत एसटी० टाइप व्हायचा प्रश्नच उरत नाही.

---

चिपळूणकरीण (चिपळूण)

धागा वाचनखुणेत टाकला. आमच्या कार्यालयात दोन ड्राइव्ह आहेत. मशीन रीस्टार्ट झालं की कधी हा एसटी० असतो, कधी तो. रात्रीची स्क्रिप्ट भलत्याच टेपेवर लिहायला जाते. यावर काही?

---

सुरंगीवळेसर

आकडे ड्राइव्ह सापडण्याच्या क्रमाने पडतात, त्यांच्यावर स्क्रिप्ट टेकवायचीच नाही. /डेव्ह/टेप/बाय-आयडी/ मध्ये बघा. तिथे प्रत्येक ड्राइव्हच्या ओळखक्रमांकाने लिंक असते आणि तेच नाव शेवटी -एनएसटी लावून दुसरी. ही दुसरी तुमची. एलएसस्कझी -जी दिलं की कुठलं मॉडेल सध्या कुठल्या एसटीवर बसलंय ते कळेल. एकाच मॉडेलचे दोन असतील तर एकातच टेप घाला आणि दोन्हींचं स्टेटस विचारा. ज्यात टेप आहे त्याच्यात ऑनलाइन दिसेल, रिकाम्यात डीआर_ओपन. मग ड्राइव्हवर चिठ्ठी चिकटवा आणि स्क्रिप्टमध्ये -एनएसटीवाला पूर्ण पत्ता टाका. लिहायच्या आधी स्क्रिप्टलाच स्टेटस तपासायला लावा, हवी ती टेप हव्या त्या जागी नसेल तर तिने तिथेच थांबावं.